कडा कोणी चढावा?

खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या खेळाडूच्या पायांत नियमांची एक अदृश्य बेडी असते. एकदा त्याने एका दिशेने धाव घेतली, की खांबापर्यंत पोचल्याखेरीज त्याला मागे वळता येत नाही. बसलेल्या सोबत्यांच्या मधून पलीकडे जाण्याचीही त्याला मुभा नसते. पळणारा मात्र मनास येईल तसा वळतो, दोघांच्या मधल्या फटीतून निसटतो आणि पाठलाग करणाऱ्यास हुलकावणी देतो. ही विषमता भरून काढण्यासाठी पाठलाग करणारा योग्य क्षणी बसलेल्या सोबत्यास ‘खो’ देतो व त्याची जागा घेतो. खो-खोचे सारे सौंदर्य या एका बंधनातून जन्मास आले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून ही बेडी पाठलाग करणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत सारखीच होती.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याजवळच्या बालेवाडीतील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ‘अल्टिमेट खो-खो’ ही नवी स्पर्धा सुरू झाली. तीत पाठलाग करणाऱ्या संघामध्ये ‘वजीर’ नावाचा एक खेळाडू आला. वजिरास दिशेचे बंधन नाही. तो धावता धावता उलट वळू शकतो. संघातील इतरांना ती मोकळीक नाही. एका खेळाडूस एक विशेष क्षमता दिली आणि बाकीच्यांना ती नाकारली, एवढाच काय तो बदल. पण पळणाऱ्याचे सारे गणित त्यामुळे पालटले. पूर्वी मागे सुटलेल्या पाठलाग करणाऱ्याची चिंता त्यास नसे; आता समोर उठलेला खेळाडू वजीर आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. सर्वांनाच वजीर केले असते, तर ‘खो’ देण्याचे कारणच उरले नसते आणि खेळ साध्या पकडापकडीवर आला असता. क्षमता मोजक्यांपुरती राखून ठेवण्यात काय साधते, हे या उदाहरणावरून चांगले कळते.

असे राखीव अधिकार इतर खेळांतही आढळतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांपैकी फक्त यष्टिरक्षकास हातमोजे घालण्याची परवानगी असते. फुटबॉलमध्ये गोलरक्षकालाच, तेही स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात, चेंडू हाताने धरता येतो. व्हॉलीबॉलमध्ये १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने ‘लिबेरो’ हा बचावपटू आणला. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाचा सदरा असतो आणि त्याला जाळीजवळ उडी मारून चेंडू अडविण्यास मनाई असते. ज्यास काही अधिक दिले, त्याच्याकडून काही काढूनही घेतले आहे, आणि तो कोण हे सर्वांना दुरून दिसावे अशी सोयही केली आहे.

संगणकावरील खेळांत हीच कल्पना ‘पात्रवर्ग’ या नावाने वावरते. तिचे मूळ संगणकात नाही, कागद-पेन्सिल आणि फाशांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. काही जणांनी एकत्र बसायचे, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घ्यायचे आणि एका सूत्रधाराच्या साह्याने साहसकथा घडवीत जायचे, असे त्याचे स्वरूप होते. पात्रांचे वर्ग तीन होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. मांत्रिकास मंत्र येत, पण चिलखत घालता येत नसे. धर्मोपदेशकास चिलखत चाले, पण धारदार शस्त्र चालत नसे. एकटा कोणीच पुरा पडू नये आणि चौघांना एकमेकांची गरज भासावी, असा त्यामागचा विचार होता.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, एका पुरवणीतून ‘चोर’ हा चौथा वर्ग त्यात आला. कुलूप उघडणे, सावलीत लपणे, पावले न वाजविता चालणे, भिंत चढणे या त्याच्या खास क्षमता ठरल्या. आणि येथेच एक पेच उभा राहिला. तोवर भिंत चढण्याविषयी नियमच नव्हता. कोणतेही पात्र तसा प्रयत्न करू शके आणि सूत्रधार आपल्या समजुतीने निर्णय देई. चोराच्या नावापुढे ‘भिंत चढणे’ असे लिहिले जाताच इतरांना ते येत नाही, असा अर्थ कित्येकांनी घेतला. एकास नवे काही देताना दुसऱ्याचे जुने काही नकळत हिरावले जाते. कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो रोज येतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची भारतातील मोठी वस्ती म्हणजे बेंगळुरू. शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग बाह्य वर्तुळमार्गाच्या दोन्ही अंगांस पसरला आहे आणि तेथून पुढे व्हाइटफील्डकडे गेले, की १९९० च्या दशकात उभे राहिलेले इंटरनॅशनल टेक पार्क लागते. २०२३ मध्ये कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड हा मेट्रोचा मार्ग सुरू झाला, तो याच भागातून जातो. सकाळच्या गाडीत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी यांच्या जोडीने मराठीही कानी पडते. मराठी माणसास हे शहर परके नाही. सतराव्या शतकात बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती. संगणक-खेळांच्या इतिहासातही या शहराचे नाव आहे. राजेश राव यांनी १९९७ साली येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी स्थापन केली. भारतातील या क्षेत्रातील आरंभीच्या कंपन्यांत तिची गणना होते. २०१९ मध्ये ती ‘रॉकस्टार गेम्स’ या परदेशी कंपनीने विकत घेतली.

महादेवपुऱ्यातील एखाद्या कार्यालयात चार-पाच जणांनी मिळून किल्ला जिंकण्याचा खेळ तयार करावयास घेतला आहे, अशी कल्पना करावी. त्यांनी चार पात्रवर्ग ठरविले : मावळा, हेर, गोलंदाज आणि वैद्य. कडा चढणे हे मावळ्यास आणि हेरास जमेल. तोफ डागणे केवळ गोलंदाजास. जखम बांधणे केवळ वैद्यास. वेषांतर केवळ हेरास. कागदावर हे चार ओळींत मावते. ते संगणकास सांगताना मात्र मार्ग अनेक असतात, आणि पहिल्यांदा सुचणारा मार्ग बहुधा पुढे त्रास देतो.

पहिला मार्ग असा : जेथे कडा चढण्याची आज्ञा लिहिली आहे, तेथेच एक अट घालावी : ‘पात्र मावळा किंवा हेर असेल, तरच चढू द्यावे.’ अट योग्य आहे. अडचण आहे ती ‘तेथेच’ या शब्दाची. कडा चढण्याची आज्ञा एकाच ठिकाणाहून येत नाही. खेळणारा कळफलकावरची कळ दाबतो, मोबाइलवर खेळणारा पडद्यास बोट लावतो, आणि ज्या पात्रांना संगणक स्वतः चालवितो त्यांची आज्ञा तिसरीकडूनच येते. तीन ठिकाणी तीच अट लिहावी लागते. पुढे ‘शिलेदार’ हा पाचवा वर्ग आला आणि त्यालाही कडा चढू द्यावे असे ठरले, तर तिन्ही ठिकाणी दुरुस्ती हवी. दोन ठिकाणी ती होते, तिसरे नजरेतून सुटते, आणि कळफलकावर चढणारा शिलेदार मोबाइलवर कड्याखाली हात चोळीत उभा राहतो.

याहून वाईट चूक अट उलट्या बाजूने लिहिण्यात आहे. ‘पात्र गोलंदाज किंवा वैद्य नसेल, तर चढू द्यावे’ ही अट चार वर्ग असताना पहिल्या अटीइतकाच परिणाम देते. चाचणीत काहीही फरक दिसत नाही. पण नवा वर्ग येताच, तो कोणताही असो, गोलंदाजही नसतो आणि वैद्यही नसतो. कोणी न ठरविता त्यास कडा चढण्याची परवानगी मिळून जाते. म्हणून अनुभवी मंडळी मनाईची यादी करीत नाहीत, परवानगीची करतात. यादीत नाव नाही, तर परवानगी नाही.

दुसरा मार्ग तक्त्याचा. एका बाजूस क्षमतांची नावे, दुसऱ्या बाजूस वर्गांची, आणि जेथे परवानगी आहे त्या चौकटीत खूण. खेळातील कोणत्याही ठिकाणाहून आज्ञा आली, तरी ती एकाच तपासनीस आज्ञेकडे जाते, आणि ती आज्ञा तक्ता पाहून होकार वा नकार देते. नवा वर्ग आला, तर तक्त्यात एक उभी ओळ वाढते. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. ज्यास प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण खेळाची जाण आहे, असा सहकारीही तो तक्ता भरू शकतो. नियम आणि नियमाची अंमलबजावणी यांची ही फारकत सर्वांत उपयोगाची आहे.

हा तक्ता संगणकात साठविण्याची एक जुनी आणि सुबक युक्ती आहे. प्रत्येक वर्गास एक संख्या द्यावयाची. पण १, २, ३, ४ अशी ओळीने नव्हे, तर प्रत्येक वेळी दुप्पट करीत. मावळा १, हेर २, गोलंदाज ४, वैद्य ८. ज्यांना एखादी क्षमता आहे, त्यांच्या संख्यांची बेरीज ही त्या क्षमतेची संख्या. कडा चढणे मावळ्यास व हेरास जमते, म्हणून त्याची संख्या १ अधिक २ म्हणजे ३. जखम बांधण्याची संख्या ८. उद्या जखम बांधणे हेरासही शिकविले, तर ८ अधिक २ म्हणजे १०.

दुपटीचाच आग्रह का, याचे उत्तर तराजूच्या पारड्यात सापडते. एखाद्या दुकानदाराजवळ १, २, ४ आणि ८ किलोचे एकेकच वजन आहे. तेवढ्यावर तो १ पासून १५ पर्यंत कितीही पूर्ण किलो धान्य तोलू शकतो, आणि प्रत्येक वेळी वजने निवडण्याची रीत एकच असते. १० किलोसाठी ८ आणि २. दुसरा पर्याय नाही. त्यामुळे १० ही संख्या पाहताच तिच्यात कोणती वजने आहेत हे निःसंशय सांगता येते. वर्गांना १, २, ३, ४ अशा संख्या दिल्या असत्या, तर ३ म्हणजे तिसरा वर्ग एकटा की पहिला व दुसरा मिळून, हे कळले नसते.

संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांनी लिहितो, आणि म्हणून ही युक्ती त्यास फार सोयीची पडते. कडा चढण्याची ३ ही संख्या तो ००११ अशी लिहितो. गोलंदाजाची ४ ही संख्या ०१०० अशी. दोन्ही एकाखाली एक मांडून ज्या स्थानी दोहोंत १ आहे तेथेच १ ठेवावा, अन्यथा ०, अशी तुलना केली, की उत्तर ०००० येते. शून्य म्हणजे नकार. गोलंदाज कडा चढू शकत नाही. हेराची संख्या ००१०. तिची ००११ शी तुलना केली, तर ००१० उरते. शून्य नाही, म्हणजे होकार. ही तुलना संगणक एका क्षणाच्या अत्यल्प अंशात करतो, आणि बत्तीस स्थानांच्या एका संख्येत बत्तीस वर्ग मावतात. शिलेदारास १६ दिले आणि कडा चढण्याची संख्या ३ वरून १९ केली, की काम संपले.

क्षमता वर्गासच जोडली पाहिजे, असे मात्र नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळात भावाला सोडविण्यास निघालेली राजी ही एकच नायिका आहे. तेथे वर्गांचा प्रश्न उद्भवत नाही. त्रिशूळ हाती असता एक लढण्याची रीत, धनुष्य असता दुसरी. किल्ल्याच्या खेळातही काही क्षमता वस्तूवर सोडणे अधिक शहाणपणाचे ठरते. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. आता ‘घोडा विकणे’ ही क्षमता शिलेदाराच्या नावावर लिहावी, की घोडा ज्याच्या मालकीचा त्याच्या नावावर? दुसरे उत्तर अधिक खरे आहे, कारण उद्या बारगिराने स्वतःचा घोडा घेतला, तर नियम न बदलता तो विकू शकेल.

बंधन कशावर बेतलेले आहे, हा प्रश्न तांत्रिक भासला, तरी तेवढाच नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८ सालच्या विस्तृत नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून कमी ठेवली होती. खेळणाऱ्याने निवडलेल्या कामावर ती अवलंबून नव्हती. पात्र स्त्री आहे, एवढेच कारण पुरेसे मानले गेले होते. १९८९ च्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकण्यात आली. बुटक्यांच्या वंशातील पात्राने मांत्रिक होऊ नये, अशा प्रकारची वंशावरील बंधने त्यापुढेही टिकली व २०००च्या आवृत्तीत नाहीशी झाली. महाराष्ट्रातील वाचकास यांतील भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बारा बलुत्यांचे जे गाव वर्णिले आहे, त्यात कोणी कोणते काम करावे हे जन्मच ठरवीत असे, आणि तेथे डाव संपल्यावर दुसरे पात्र घेण्याची सोय नव्हती. खेळातील वैद्य हा खेळणाऱ्याने आपण होऊन पत्करलेला वेष आहे. म्हणूनच त्याचे बंधन जाचत नाही.

तक्ता बिनचूक भरला, तपासनीस आज्ञाही एकच ठेवली, तरी आणखी एक दार उघडे राहते. अनेक जण इंटरनेटवरून एकत्र खेळतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातातील यंत्रात खेळाची एक प्रत असते. त्या प्रतीत फेरफार करून गोलंदाजास कड्यावर चढविणारे महाभाग निघतातच. तपासणी जर खेळणाऱ्याच्या यंत्रातच होत असेल, तर प्रवाशालाच कंडक्टर नेमल्यासारखे होते. म्हणून अखेरचा निर्णय कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाकडे ठेवावा लागतो. खेळणाऱ्याचे यंत्र फक्त विनंती करते : ‘या पात्रास चढावयाचे आहे.’ पात्र कोणत्या वर्गाचे, हेही मध्यवर्ती संगणक आपल्या नोंदीवरून पाहतो. यंत्राने सांगितलेल्या वर्गावर विसंबत नाही.

महादेवपुऱ्यातील बहुसंख्य संगणक-अभियंते खेळांवर काम करीत नाहीत. त्यांचे काम बँका, रुग्णालये, दुकाने यांच्यासाठी चालते. तथापि हीच विद्या तेथे अधिक गंभीर होऊन येते. बँकेत रोखपाल रक्कम नोंदवितो, पण ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारास अधिकाऱ्याची संमती लागते, आणि ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करावयाची नसते. रुग्णालयात औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरचा, ते दिल्याची नोंद परिचारिकेची. माणसाच्या नावास नव्हे, तर त्याच्या भूमिकेस अधिकार जोडण्याची ही पद्धत १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी शास्त्रशुद्ध रूपात मांडली. खेळात चूक झाली, तर एखादा डाव नासतो. येथे कोणाचे तरी खाते रिकामे होते.

बंधने घालताना खेळ अडणार नाही, हेही पाहावे लागते. किल्ल्याचा चोरदरवाजा फक्त हेरास उघडता येतो आणि हेर तर मघाच्या चकमकीत पडला. आता उरलेल्यांनी काय करावे? दुसरा मार्गच ठेवला नसेल, तर पुढे सरकता येत नाही आणि मागेही जाता येत नाही. म्हणून चोरदरवाजा हेरास लवकर उघडावा, पण इतरांनाही तो मोडता यावा. वेळ अधिक लागावा आणि आवाजाने पहारेकरी जागे व्हावेत, अशी योजना करतात. क्षमता नाकारण्याऐवजी ती महाग करणे, हा पुष्कळदा अधिक चांगला उपाय ठरतो. शिवाय नकार दिला, तर त्याचे कारण पडद्यावर दिसले पाहिजे. बटण दाबूनही काहीच घडले नाही, तर खेळणारा नियमास नव्हे, यंत्रास दोष देतो.

काही क्षमता नुसत्या वर्गावर भागत नाहीत. आपल्याकडील जुन्या देशी बुद्धिबळात राजास एकदाच घोड्याची उडी घेता येत असे, आणि तीही तोवर त्यास शह बसला नसेल तर. राजा आहे, एवढे जाणून येथे संगणकाचे काम होत नाही. उडी घेऊन झाली का आणि पूर्वी शह बसला होता का, या दोन्ही गोष्टी त्याने ध्यानात ठेवल्या पाहिजेत. अर्धा डाव टाकून खेळणारा उठला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला, तर पटावरील सोंगट्यांच्या जागांबरोबर या दोन नोंदीही जपून ठेवलेल्या असाव्या लागतात. त्या जपल्या नाहीत, तर राजा रोज रात्री झोपून उठतो आणि रोज सकाळी नव्याने एक उडी घेतो.